ओळ भरल्याशिवाय वाढायचं नाही

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी.
आजपासून रोज लिहिणार. एकही दिवस चुकणार नाही. काल तुळशीचं लग्न लागलं, आता माणसांची लागतील. त्यात माझं असणार. याच सीझनला. फायनल.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा समाजकार्याचा आहे. सेलूच्या आमच्या वधू-वर मंडळाचे अध्यक्ष नागनाथकाका यांनी काल बोलावून घेतलं. म्हणले की आदिनाथ, तू पुण्यात कॉम्प्युटरमध्येच होतास ना, अन् आता घरीच हायेस, तर मंडळाचं एक काम कर. घरीच हायेस हे त्यांनी दोनदा म्हणायची गरज नव्हती. मी विचार करून सांगतो म्हणलो. चहा येईपर्यंत विचार केला, मग हो म्हणलो.

काम असं. समाजातल्या पोरापोरींचे बायोडाटे पुण्याच्या एका कंपनीच्या ॲपमध्ये ठेवलेत. त्यात शोधायची सोयच नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट सरकवत बसायचं. पोखर्णीचे मुंजाजीराव पोरीसाठी स्थळं बघता बघता बेजार झाले, अंगठा सुजला म्हणे. तर आपण एक सर्च करायचा. ‘सेलू तालुका, नोकरीवाला’ लिहिलं की फटकन नावं समोर. चौदा डिसेंबरला मेळावा आहे, तिथं मोठ्या पडद्यावर दाखवायचं.

दोन दिवसांचं काम. मी काकांना चार सांगितले. उरलेले दोन दिवस व्यायाम चालू करणार.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
व्यायाम उद्यापासून.

कंपनीनं एपीआय दिलीय. एपीआय म्हणजे खिडकी. मागितलं की बायोडाटे बाहेर येतात, पण एकदम सगळे नाही. एका पानावर पन्नास. पहिलं पान मागा, पन्नास. दुसरं मागा, पुढचे पन्नास. असं संपेपर्यंत. मिळतील तसे आपल्या इंडेक्समध्ये टाकत जायचे. इंडेक्स म्हणजे जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दांची यादी असते, कोणता शब्द कुठल्या पानावर, तसलं. इंडेक्समध्ये आहे तो सापडतो. नाही तो नाही.

हे मी स्वतःलाच कामुन समजावून सांगायलोय काय माहीत. पुढं कुणाला माझ्या कामावर लिहायचं झालं तर बरं पडेल.

५ नोव्हेंबर, बुधवार.
आज एक विचार सुचला. साधा नाही.

पन्नास-पन्नासची पानं म्हणजे काय? पंगत! गावात कुठलंही लग्न असो, मी मिसरूड फुटल्यापासून वाढपी आहे. आपला नियम एकच. ओळ भरल्याशिवाय बादली उचलायची नाही. अर्ध्या ओळीला वाढलं की मागून आलेले पुरीला हात लावेपर्यंत पुढचे भातावर, मग ताक कुणाला अन् बुंदी कुणाला, नुसता गोंधळ. आचारी शिव्या देतो ते वेगळंच.

तर माझ्या प्रोग्रॅममध्ये तोच नियम टाकला. पान आलं की मोजायचं. पन्नास भरले असतील तर इंडेक्समध्ये वाढा. नसतील तर थांबा, ओळ भरू द्या.

पुण्याच्या पोरांना हे सुचणार नाही. ते उभ्यानं जेवतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी.
दवाखान्याच्या मॅडम शेळ्यांना लस द्यायला आलत्या. प्रियांका. अंगठा सुजलेल्या मुंजाजीरावांचीच पोरगी. आमच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात वर्षभरापासून आहे. मी अजून नीट बोललो नाही. बोलायला तोंड उघडलं की नेमकी एखादी शेळी ओरडते.

आज मी शेळीचे कान धरले होते. ती म्हणली की कान न्हाई, मान धरा. किती शांतपणे म्हणली. दुसरी कुणी असती तर हसली असती. हसली तीपण, पण नंतर.

मग मायनं तोंड उघडलं. माझी माय, केवळाबाई, हिच्या पोटात काही राहत असेल तर शपथ. म्हणली की आमच्या आदिनाथनं पोरी हुडकायची मशीन केलीय. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. पण प्रियांका म्हणली की तिच्याबी घरी सध्या हाच विषय चालू हाय. स्टेजवर उभं राहून नाव-गाव सांगायचं तिला पटत न्हाई, सर्च झाला की ती स्वतःच बसून बघणार. अन् सुई भरता भरता सहज विचारलं, की तुमचं नाव हाय का त्याच्यात?

मी म्हणलो, शोधा, सापडेल.

शोधा, सापडेल! कसं काय सुचलं मला! दिवसभर तेच आठवून हसायलोय. मायनं ताप आला का विचारलं.

८ नोव्हेंबर, शनिवार.
माझा बायोडाटा भरला. मुद्दाम सगळ्यात शेवटी. लग्नघरी घरचा माणूस शेवटच्या पंगतीला बसतो, पाहुण्यांचं आधी. सर्च मी करायलोय म्हणजे मी घरचाच. ॲपचा नियमही तसाच आहे, बायोडाट्याला सगळ्यात शेवटी ज्यानं हात लावला तो यादीत सगळ्यात शेवटी. मला आवडला हा नियम. संस्कार दिसतात.

वय बत्तीस. शाळेच्या दाखल्यावर चौतीस आहे, पण आमचे गुरुजी तेव्हा अंदाजानं टाकायचे. नोकरी, सॉफ्टवेअर आर्किटेक्ट, स्वतंत्र. पुण्यात लोकांचे पासवर्ड बदलून देत होतो, पण त्यालाही डोकं लागतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
इम्पोर्ट, म्हणजे सगळे बायोडाटे ओढून इंडेक्समध्ये भरणं, सुरू केला. नवव्या पानाला लाईट गेली. लाईट आली, पहिल्यापासून सुरू केला. चौदाव्या पानावर खिडकीच बंद झाली. मेसेज आला की आपण फार वेगाने मागणी करत आहात, थोड्या वेळाने प्रयत्न करा. फार वेगाने! इथं समाजाची पोरं म्हातारी व्हायलीत अन् ह्यांना वेगाचं पडलंय.

व्यायामाचं बघू सोमवारपासून.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.
झाला! पूर्ण झाला! शेवटी स्क्रीनवर आलं की ओळ अपूर्ण, थांबलो. म्हणजे माझा नियम पाळला. स्वतःच्या हातानं लिहिलेला प्रोग्रॅम असा गुमान वागतो तेव्हा ऊर भरून येतो. मायला बोलावून दाखवलं. ती म्हणली की ह्याच्यात पोरगी कुठं हाय.

काकांना लिंक पाठवली. काकांनी ग्रुपवर टाकली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
सकाळपासून फोन. फोन बंद करून ठेवलाय.

प्रत्येक माणूस सर्चमध्ये तीन-तीनदा दिसायलाय. लाईट गेल्यावर मी पहिल्यापासून सुरू करायचो ना, तर आधीचे तसेच राहिले अन् वरून पुन्हा तेच आले. मानवतच्या एका पाहुण्यानं काकांना झापलं, की माझी पोरगी एकच हाय, तीनदा टाकून तिची इज्जत काढायलेत का. काका मला म्हणले की आदिनाथ, तू थोडं बघून करत जा. बघूनच करायलोय की.

खूश एकच माणूस. देवगाव फाट्याचा योगीराज. शेळीपालन करतो. त्यानं फोन करून सांगितलं की माझं तीनदा आलं, लय भारी वाटलं. ह्याचा बायोडाटा मंडळ सुरू झालं तेव्हाचा, पहिल्याच पानावर. त्यानंतर एकदाही हात लावला नाही. फोटोत मागं दोरीवर कपडे वाळत घातलेत. असल्या माणसांची दया येते. शिकून-सवरून स्वतःला प्रेझेंट करता येत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार.
व्यायाम. एक बैठक काढली, गुडघा वाजला.

तिहेरी माणसं काढायला गेलो अन् सगळीच निघाली. इंडेक्स रिकामा. दुपारभर अख्ख्या समाजात लग्नाचं एकही माणूस नव्हतं. काकांना सांगितलं की मेंटेनन्स चालू आहे. ते म्हणले की मेंटेनन्स म्हणजे पुसलं का? ह्या वयातही माणूस तल्लख आहे.

आता प्रत्येकाचा मंडळाचा नोंदणी नंबर धरलाय. नंबर तोच असला तर माणूस पुन्हा टाकायचा नाही. आधीच सुचलं असतं, पण फोन सारखे वाजत होते.

२० नोव्हेंबर, गुरुवार.
सगळं ठाकठीक. योगीराज एकदाच दिसतो. जिवाला बरं वाटलं.

एक बारीकशी गोष्ट. ॲपमध्ये माणसं आठशे सदुसष्ट, आपल्याकडं साडेआठशे. सतरा कमी. काका विचारायलेत की हे सतरा कुठं गेले. मी सांगितलं की जमली असतील त्यांची लग्नं. ते म्हणले की मला कळवल्याशिवाय? मी म्हणलो, काका, आजकाल कोण कळवतंय.

मायचं एकच टुमणं, की तुझं नाव टाकून बघ एकदा. नाही बघणार. आपणच आपलं नाव हुडकत बसणं बरं दिसत नाही. आचारी काय सगळ्यांच्या आधी ताट घेऊन बसतो का?

२५ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी.
प्रियांका आलती. करडाला हगवण लागलीय. त्याच्यासाठी आली म्हणा, पण औषध मायच्या हाती पाठवता आलं असतं.

तिनं सर्च बघितलाय! म्हणली की लय सोपं केलंय तुमी, आमच्या आबालाबी जमायला लागलं. आबा म्हणजे मुंजाजीराव. अन् मग खाली बघून म्हणली, की पण तुमी काही दिसंना त्याच्यात.

मी दिसंना म्हणजे काय, ते माझ्या लगेच ध्यानात आलं. फोटो. फोटोत मी मुळी दिसतच नाही, माझ्यातला माणूस दिसत नाही. पुण्यातलं ऑफिसचं ओळखपत्र होतं ते, चोरासारखा दिसतो. किती नाजूकपणे सुचवलं. मी म्हणलो, पुन्हा बघा, दिसेन.

लगेच सेलूला जाऊन नवीन फोटो काढला. निळा कोट फोटोवाल्याचाच. बायोडाट्यात टाकला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार.
नवीन नोंदी आल्या. पुन्हा इम्पोर्ट केला. ॲपमध्ये नऊशे बारा, आपल्याकडं नऊशे. सतराचे बाराच राहिले. सिस्टीम आपोआप सुधरायलीय. काकांना तसं कळवलं.

३ डिसेंबर, बुधवार.
तिच्या दवाखान्यावरून सहज चाललो होतो. तिसऱ्या फेरीला ती बाहेर आली. म्हणली की आबांनीबी शोधलं, त्यांनाबी न्हाई सापडले तुमी. अन् मग जरा थांबून म्हणली, की नाव द्यायचं नसंल तर तसं सरळ सांगा, त्यात राग कसला.

राग! हिला वाटतंय मला राग येतो! किती विचार करते माझा.

घरी येऊन शांत डोक्यानं विचार केला. मुंजाजीराव बाप माणूस. बाप काय शोधतो? उंची, शेती, पगार. त्यांना हवं ते माझ्या बायोडाट्यात सापडलं नसणार. तर उंची एक इंच वाढवली, बुटासकट आहेच तेवढी. शेतीत मामाची विहीर धरली, पाणी आम्हीपण घेतो. पगाराच्या जागी ‘अपेक्षेप्रमाणे’ लिहिलं. आता बघू कसा सापडत नाही.

७ डिसेंबर, रविवार.
मायनं आज जेवताना सरळच विचारलं, की तुला ती मॅडम आवडती ना. माझ्या हातातली भाकर खाली पडली. म्हणली की शनिवारी मी पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जाणारच हाय, तिथूनच त्यांच्या घरी जाईन, तिच्या मायशी दोन शब्द बोलंन. घर माहीत हाय, माणसं चांगली हायेत, आपल्याला न्हाई म्हणणार न्हाईत.

मी तिला स्पष्ट नाही सांगितलं. ते दिवस गेले. उंबरे झिजवायचे अन् चहा-पोहे. मी अख्ख्या समाजासाठी सिस्टीम उभी केली अन् माझीच माय पिशवी घेऊन पोखर्णीला? लोक काय म्हणतील? ती सर्चमध्ये शोधेल, मी सापडेन, ती मंडळाला कळवेल. रीतसर.

माय म्हणली की तुझं तूच बघ बाबा. अन् भांडी जरा जोरात आदळली.

बोललो ते बरोबरच बोललो. पण दुपारी झोप आली नाही.

१३ डिसेंबर, शनिवार.
उद्या मेळावा. पडदा, प्रोजेक्टर, जनरेटर, सगळा इंतजाम मी बघितला. जनरेटर चालू झाला नाही, पण उद्या होईल.

प्रियांका आबांसोबत येणार आहे. स्टेजवर नाही, खाली बसणार. योगीराजपण येणार म्हणे. येऊ दे. समाजाचा कार्यक्रम आहे.

झोपायच्या आधी बायोडाट्यावर शेवटचा हात फिरवला. ‘छंद, व्यायाम’ असं टाकलं. सकाळी लवकर उठून फायनल इम्पोर्ट.

१५ डिसेंबर, सोमवार.
काही लिहायचं नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार.
लिहितो. कुणी वाचणार थोडंच आहे.

परवा हॉल गच्च भरला होता. जनरेटरही एका लाथेत चालू झाला. काकांनी माईकवर माझं नाव घेतलं, सुपुत्र वगैरे म्हणले. टाळ्या वाजल्या. मी कुणी सांगेल ते टाईप करून दाखवत होतो. जिंतूरची शिक्षिका म्हणलं की जिंतूरच्या शिक्षिका. पाथरीचा डॉक्टर म्हणलं की पाथरीचा डॉक्टर. लोक आ वासून बघायलेत. मी एकदा तिसऱ्या रांगेत बघितलं. ती पडद्याकडंच बघत होती.

अन् मुंजाजीराव उठले. माईक नकोच म्हणले, आवाज मुळातच मोठा. म्हणले की बाबा आदिनाथ, ते सगळं राहू दे, तुझंच नाव टाक बरं, आमाला घरी सापडंना. सगळे हसले. मीपण हसलो. मनात म्हणलो, ह्याच्यापेक्षा चांगला मुहूर्त कोणता. आख्खा समाज समोर, ती समोर, पडदा बारा फुटांचा, अन् निळ्या कोटातला मी.

नाव टाकलं. आडनाव टाकलं. बटण दाबलं.

पडद्यावर आलं की काहीही सापडलं नाही.

पुन्हा दाबलं. नुसतं आदिनाथ टाकलं, तर गंगाखेडचा एक आदिनाथ आला, दुसऱ्या लग्नासाठी. कुणीतरी मागून विचारलं की ह्याचं झालंय का हो लग्न. कुणीतरी म्हणलं की झालंच असंल, पुण्यात केलं असंल, म्हणून तर नाव घातलं न्हाई. मायनं माझ्याकडं बघितलं. मी माईकवर सांगितलं की कॅशचा प्रॉब्लेम आहे. लोकांना वाटलं पैशांचं काहीतरी, मी कॉम्प्युटरच्या जुन्या साठ्याचं सांगत होतो.

मुंजाजीराव म्हणले की बरं बरं, राहू दे, सेलू तालुका अन् जनावरांची आवड असलेला कोण हाय का बघ, आमच्या पोरीला तसलाच पायजे. माझे हात आपोआप चालले. पाव सेकंद लागला असेल. पहिलं नाव, योगीराज. मागं वाळत घातलेले कपडे बारा फुटांचे. खालच्या रांगेतून तो स्वतः उठून उभा राहिला, नमस्कार करायला लागला. प्रियांकानं वळून बघितलं त्याच्याकडं. मग हळूच हसली. शेळीच्या वेळचं हसू नव्हे. वेगळं.

काका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणले की बघितलं का, किती फास्ट.

१८ डिसेंबर, गुरुवार.
कारण सापडलं. प्रोग्रॅममध्ये चूक नाही. प्रोग्रॅम अगदी मी सांगितलं तसाच वागला.

प्रत्येक वेळी शेवटचं पान अर्धवट असतं. सतरा असतील, बारा असतील, पन्नास नसतात. ओळ भरली नाही, म्हणून वाढलं नाही. अन् बायोडाट्याला हात लावला की माणूस यादीच्या शेवटी जातो. मी फोटो बदलला, शेवटी गेलो. उंची वाढवली, शेवटी गेलो. व्यायाम टाकला, शेवटी गेलो. प्रत्येक वेळी त्या अर्ध्या ओळीत जाऊन बसलो. एकदा जरी गप बसलो असतो तर मागून माणसं आली असती, ओळ भरली असती.

ती दोनदा सांगून गेली होती. मराठीतच सांगितलं होतं. सापडंना म्हणजे सापडंना. मी फोटो काढायला गेलो.

जेवण गेलं नाही. मायनं ताटावर झाकण ठेवलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार.
एक ओळ बदलली. पान अर्धं असलं तरी वाढा. मिनिटाचं काम. सगळे आले. मी माझं नाव टाकलं. सापडलो. पहिलाच. निळा कोट बरा दिसतो.

अजून वेळ गेलेली नाही. ती पुन्हा एकदा सर्च उघडेल. माणूस उघडतो सहज. उद्या दवाखान्यावरून जाईन, अन् ह्या वेळेस थांबून सांगेन. नक्की. मायलाही म्हणलो की तू पोखर्णीला जायचं म्हणत होतीस ना, जा. ती म्हणली की आता कशाला जाऊ. मला कळलं नाही तिला काय म्हणायचंय.

२० डिसेंबर, शनिवार.
दवाखान्याला कुलूप होतं. मॅडम सुट्टीवर.

२२ डिसेंबर, सोमवार. दुपारी.
काकांचा फोन. लय खुशीत. म्हणले की आपल्या सर्चवरचं पहिलं लग्न जमलं, पेढे घेऊन ये. कुणाचं ते त्यांनी सांगितलं. मला ऐकू आलं, तरी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं.

आणखी म्हणले की दोघांचीपण नावं काढून टाक, उगं लोक फोन करून परेशान करतेत. काढली. योगीराज गेला. मग प्रियांका. बटण दाबायच्या आधी तिचा बायोडाटा पहिल्यांदा नीट वाचला. अपेक्षा असं जिथं लिहायचं असतं तिथं लिहिलं होतं, की सरळ बोलणारा असावा.

नावं पहिल्या फटक्यात निघाली. दोन महिन्यांत एवढंच विनातक्रार झालं.

लय वाईट वाटायलंय. हे इथं लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

९ जानेवारी, शुक्रवार.
मधले दिवस लिहायचे राहिले. काम होतं. काम म्हणजे करडं.

काकांनी सांगितलं की सीझनपुरतं काम झालं, सर्च आता बंद ठेव, पुढच्या मेळाव्याला बघू. मी म्हणलो की काका, चालू राहू द्या, आता सगळे दिसायलेत. ते म्हणले की सगळे म्हणजे? मी म्हणलो, सगळेच. ते म्हणले की बघणारं कोण हाय पण आता? बंद केला.

दिवसातून एकदा माझ्या लॅपटॉपवर माझं नाव टाकून बघतो. येतं.

८ फेब्रुवारी, रविवार. पोखर्णी.
जाणार नव्हतो. काका म्हणले की सर्चवरचं पहिलं लग्न, तू आलाच पायजे. माय म्हणली की न्हाई गेलास तर लोक बोलतील. आता लोकांचं तीच मला सांगायली.

आल्यावर एका कोपऱ्यात बसलो होतो. जो येईल तो विचारायचा, की तुमचं कधी. म्हणून उठून वरणाची बादली घेतली. बादली हातात असली की कुणी काही विचारत नाही, सगळे ताटाकडं बघतात. ओळीमागं ओळी वाढल्या. एकदाही सांडलं नाही. नवरा-नवरी पाया पडायला फिरत होते तेव्हा प्रियांका थांबली. म्हणली की आता फार्मवरच्या शेळ्यांना लस द्यायची असली की तुमालाच बोलवावं लागंल, मान धरता येती का आता. मी हो म्हणलो. येती म्हणलो. योगीराजनं माझे दोन्ही हात धरले, भाऊ तुमच्यामुळं म्हणला. चांगला माणूस आहे. त्याच्यावर राग धरायचा म्हणलं तरी धरता येईना.

सगळे पाहुणे जेवले. मांडवात आता आम्ही वाढपी अन् घरचे, शेवटची पंगत. सहा-सात जण बसलोत. पत्रावळ समोर आहे, मोबाईलवर हे लिहायलोय. मघाशी आचाऱ्याकडं बघितलं. त्यानं झारा वर करून सांगितलं की जरा दम धरा, ओळ भरू द्या.

बरोबरच आहे त्याचं. मी थोडं सरकून शेजारी जागा केलीय. येईल कुणीतरी.